स्वतःचा व्यवसाय आणि सुट्टीची टोचणी

रंगरेषा:
नोकरीत रजेचा अर्ज मंजूर झाला की विषय संपायचा. आता स्वतःचं डिझाइनचं काम आहे, तर सुट्टीच्या दिवशी मन खातं. फोन उपडा ठेवते आणि पाच मिनिटांत पुन्हा उचलते. माझ्या मते याचं मूळ आपल्या दरात आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७० चा करार वर्षाला किमान तीन आठवडे पगारी रजा सांगतो, पण ती नोकरदारांना. आपली पगारी रजा आपणच दरात धरायची. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. रजा, सणवार, आजारपण मिळून ४१ धरा, राहिले २२०. त्यातला पाव हिस्सा कोटेशन, बिलं आणि वसुलीत जातो. म्हणजे पैसे मिळवून देणारे दिवस १६५. वर्षाला हवी तेवढी कमाई १६५ ने भागा. मग सुट्टीचा दिवस बुडीत वाटत नाही.

रोखठोक:
हिशेब चोख, पण २६१ ऐवजी १६५ ने भागलं की दर दीडपटीच्या वर जातो. एवढा देणारं गिऱ्हाईक दाखवा! आपण नाही म्हटलं की काम दुसऱ्याकडे जातं, आणि गेलेलं परत येईलच असं नाही. शिवाय टोचणीला एवढं का घाबरायचं? तीच तर बिल वेळेवर पाठवायला लावते.

मीटरडाउन:
रोखठोक, हातावर पोट असलं की माणूस रोजचा आकडा धरून बसतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर १९९७ मध्ये एक अभ्यास आला होता. धंदा जोरात असेल त्या दिवशी आकडा लवकर गाठून ते घरी जातात, मंदीच्या दिवशी रेटत बसतात, असा त्याचा निष्कर्ष. खरं तर उलट हवं. हिशेब महिन्याचा धरा, मंदीच्या दिवशी खुशाल गाडी लावून ठेवा.

रोखठोक:
त्या निष्कर्षाला २००५ मध्ये दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने आव्हान दिलं, तेही सांगा की. त्याच्या आकडेवारीत चालक किती तास झाले, किती थकलो, यावर थांबताना दिसतात.

मीटरडाउन:
चला, म्हणजे शरीर तरी रजा मंजूर करतं!

सुईदोरा:
रंगरेषा, रोखठोक, दोघंही दरावरच अडलात. माझं शिवणकाम हंगामी. काम नसतं तेव्हा मी मोकळी असते, पण ती सुट्टी नव्हे, ती फोनची वाट बघणं. वर घरात आहे म्हणजे रिकामीच आहे, असं धरून सगळे कामं सांगतात (हा वेगळाच विषय). मी सुट्टीची तारीख गिऱ्हाइकांना आधीच कळवते. निघताना अर्धवट कपड्यावर चिठ्ठी टाचते: ‘डावी बाही राहिली, काजं बाकी.’ मग ते काम डोक्यात घोळत नाही. ‘फक्त दोन मिनिटांचं आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर परत आल्यावर.

रोखठोक:
चिठ्ठी आणि तारीख, दोन्ही मान्य. दराचं नाही. वर्षानुवर्षं टिकलेल्या गिऱ्हाइकाला एकदम दीडपट कसं सांगायचं?

रंगरेषा:
त्याला नका सांगू. पुढचं नवं गिऱ्हाईक येईल, त्याला नवा दर सांगा. त्याने होकार दिला की जुन्यांचा दर थोडा थोडा वाढवत न्या.

रोखठोक:
आणि त्याने नकार दिला तर?

रंगरेषा:
तर जुनी कामं आहेतच की हातात. नुकसान काय झालं?