मराठवाड्याच्या तहानेला ‘लोकसंख्या’ हे उत्तर पुरत नाही

मांजराकाठ
परवा या चर्चा-मंचावर एकाने लिहिलं की मराठवाड्यातल्या पाणीटंचाईचं एकच खरं कारण आहे, वाढलेली लोकसंख्या. बाकी सगळ्या पळवाटा. दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या घराला नळजोडणीच देऊ नये, हा त्यावरचा उपाय. त्याखाली ‘अगदी मनातलं बोललात’ अशी रांग लागलेली पाहून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर आला की आधी लहान पोरं पाइप धरायला धावायची आणि घागरींवरून बायकांची भांडणं लागायची. त्याच उन्हाळ्यात शहराबाहेर पडलं की ज्याच्या बोअरला पाणी होतं त्याचा ऊस हिरवागार उभा होता.

आता हिशेब मांडतो. पाटपाण्यावरच्या हेक्टरभर उसाला साधारण 2000 मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे 2 कोटी लिटर. गावातल्या माणसाला सरकारी मापाने दिवसाला 55 लिटर, वर्षाला 20 हजार. भागून बघा, एक हेक्टर ऊस म्हणजे हजार माणसांचं वर्षाचं पाणी. आणि 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 आलाय, म्हणजे दोनच्याही खाली. मग नळ नेमका कोणाचा तोडायचा?

डेक्कनकर
तो लिहिणारा मीच. नळजोडणीचं वाक्य रागात गेलं असेल, पण मुद्दा सोडत नाही. 1951 साली देशात माणशी वर्षाला 5177 घनमीटर पाणी होतं, 2011 ला 1545. पाऊस काही तिपटीने घटला नाही, वाटेकरी वाढले. 1971 ला महाराष्ट्र 5 कोटींचा होता, 2011 ला 11 कोटी 24 लाखांचा. जननदर आज खाली आला तरी तरुणांची संख्याच इतकी आहे की आकडा लगेच थांबणार नाही. शिवाय माणूस काय फक्त 55 लिटर पाण्यावर जगतो? तो भात खातो, साखर खातो, कपडे घालतो, ते सगळं पाणीच आहे. आणि तुमच्या 2000 मिलिमीटरमध्ये पावसाचं पाणी धरलेलं आहे. ते वजा न करताच हजार माणसं उभी केलीत.

मांजराकाठ
करा वजा. कामी आलेला पाऊस 500 धरा, उरले 1500. हजाराची साडेसातशे माणसं झाली, एवढं दिलं तुम्हाला. पण साखर वाढत्या तोंडांसाठी पिकवतात हे सांगू नका. 2021-22 च्या हंगामात देशातून 1 कोटी टनांहून जास्त साखर बाहेर गेली. तेवढं आमचं पाणीच जहाजात भरून पाठवलं. त्याला लातूरच्या पोरांची संख्या कशी जबाबदार?

फडकरी
दोघांनीही ऊस लावणारा गुन्हेगार धरूनच सुरुवात केली. मी ऊसवाला आहे, तोंडावर सांगतो. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, बाजारात पोतं चार हजारांच्या आसपास गेलं. ओलावा जास्त म्हणून त्यातूनही कापलं. त्याच हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर, 340 रुपये क्विंटल होती, आणि ऊसतोड टोळी फडात येऊन तोडून नेते. काढणीच्या वेळी आठ दिवस पाऊस लागला तर सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात, ऊस उभा राहतो. सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, आईचं औषध, हे सगळं मी उसावर भागवलंय. तुरीला आणि हरभऱ्याला तीच हमी द्या, उद्या ऊस मोडतो. तोवर मला पाण्याचे धडे देऊ नका.

शिरोळची माती
सगळे पाणी कमी म्हणून भांडताय. आमच्याकडे या, पाण्याने जमीन कशी मरते ते दाखवते. सांगली-कोल्हापूरकडच्या शिरोळ, वाळवा, मिरज या पट्ट्यात वर्षानुवर्षं काळ्या भारी जमिनीला ऊस लावून मोकाट पाणी पाजलं. निचरा नाही. खालची पातळी वर वर चढत मुळांपर्यंत आली, वरून ऊन, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. माझ्या सासऱ्यांच्या रानात उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. पायाखाली कुरकुरतो आणि चप्पल काढली तर टाचेला खाजतो. ज्या रानाच्या उसाची गावात चर्चा व्हायची तिथे आता लव्हाळा उगवतो. सच्छिद्र पाइप गाडून निचरा करता येतो, काहींनी केलाही, पण खालच्या शेतकऱ्याने पाणी काढायला वाट द्यावी लागते आणि तिथेच भाऊबंदकी आडवी येते. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. लोकसंख्या की ऊस हे तुम्ही ठरवत बसा, माती दोघांचीही वाट बघत नाही.

डेक्कनकर
ताई, यात माझ्या विरोधात काय आहे ते कळलं नाही.

शिरोळची माती
विरोधात हेच की इथे माणसं कमी असती तरी रान असंच खारावलं असतं. मोटार चालू करून घरी जाऊन झोपायला एकच माणूस पुरतो.

कोरडवाहू
मूळ दुखणं बोअरचं आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. आमची आजोबांच्या काळातली विहीर, चाळीसेक फूट, चांगली बांधलेली. उन्हाळ्यात तळ दिसायचा पण पाणी सुटलं नव्हतं. शेजाऱ्याने बांधाला लागून बोअर मारलं. पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा, आला, तळहातावर आडवा नारळ धरून रानभर फिरला, नारळ उभा राहिला, तिथे बोअरची गाडी लावली. सातशे फुटांवर पाणी लागलं, गुलाल उधळला. पुढच्या उन्हाळ्यात आमची विहीर कोरडी, आणि त्यानंतर दोन वर्षांत त्याचंही बोअर फुफाटा सोडायला लागलं. मग त्याने दुसरं घेतलं, आणखी खोल.

फडकरी
पाणाड्याला कशाला मध्ये ओढता? आमच्याकडच्या पाणाड्याने दाखवलेली बोअरं आजही चालू आहेत. शिकल्या-सवरल्या माणसांनी यंत्र लावून दाखवलेली कोरडी गेली, ते पैसे कोणी परत दिले?

झिरपा
फडकरीदादा, भूजलाच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. पाणाड्याची लागलेली बोअरं लोकांच्या लक्षात राहतात, फेल गेलेली कोणी मोजत नाही. ओढ्याकाठी, पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, खालच्या अंगाला कोणीही बोट ठेवलं तरी पाणी लागण्याची शक्यता जास्तच असते.

आपल्याखाली बेसॉल्ट आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात. त्याखाली घट्ट काळा पाषाण, त्यात फक्त भेगा. सातशे फुटांवर लागलं ते भेगेतलं साठलेलं पाणी, एका पावसाळ्यात ते भरून येत नाही. आणि केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप, वरच्या वीस-तीस फुटांतच असतं, त्यामुळे त्याच्या खालच्या झिरप्याचं पाणी बोअरमध्ये उतरत जातं. कोरडवाहूंची विहीर अशीच रिकामी झाली असणार. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरहून खोल, म्हणजे 200 फुटांच्या खाली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे. कायदा 2014 पासून लागू आहे. तरी गाड्या रात्रभर चालतात.

फडकरी
200 फुटांत पाणीच नसेल तर कायदा पिऊ का? घरात बसून लिहायला सोपं आहे. फळबाग वाळताना ज्याने पाहिली त्याला विचारा.

कोरडवाहू
आमची मोसंबी वाळली, दादा. तुमच्यासारख्यांच्याच बोअरने.

डेक्कनकर
भांडण बाजूला ठेवा आणि माझा मुद्दा कुठे लपलाय बघा. 1970-71 ला महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 ला 1.34. जिथे एका बापाची एक विहीर होती तिथे आज चार भावांची चार बोअरं आहेत. ही वाटणी लोकसंख्येने केली, उसाने नाही.

कोरडवाहू
हे मात्र नाकारता येत नाही. आमच्यातही वाटणी झाल्यावर चुलत्याने पहिलं काम बोअरचंच केलं. पण चार भावांना एका विहिरीचं पाणी पाळीने वाटून घेता येत होतं, आमच्या आजोबांच्या पिढीने घेतलंच. भाऊ वाढले हे खरं, पाळी मोडली हे त्याहून खरं.

मांजराकाठ
आणि डेक्कनकर, हिवरे बाजारचं काय? पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवारांच्या गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही हे ठरवलं आणि पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. पाणी आल्यावर बाहेर गेलेली कुटुंबं गावात परत आली. तुमच्या गणिताने माणसं वाढल्यावर पाणी संपायला हवं होतं.

डेक्कनकर
एक गाव दाखवून राज्य चालत नाही. चाळीस हजार गावांना पोपटराव कुठून आणणार? पण ठीक आहे, पिकाची निवड आणि उपसा हे माझ्या आधीच्या लेखनात यायला हवं होतं असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. लोकसंख्या मी यादीतून काढणार नाही.

फडकरी
ताळेबंद मांडायला आमच्या गावात कोण तयार होईल? गावातली सगळ्यात खोल बोअरं ज्यांची, तेच ग्रामपंचायतीत बसलेत.

झिरपा
सुरुवातीला ठराव नको, वही करा. गावातल्या दहा-बारा विहिरी निवडा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये दोरीला वजन बांधून पातळी मोजा, तारीख टाकून लिहा. शेजारी त्या वर्षीचा पाऊस आणि कोणत्या पिकाखाली किती एकर ते लिहा. तीन वर्षांची वही हातात असली की ग्रामसभेत कोणाच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही.

कोरडवाहू
नमुना टाका इथे. आमच्या कोरड्या विहिरीपासून सुरुवात करतो.

फडकरी
मलाही पाठवा. माझ्या बोअरची खोलीही लिहितो, लपवायचं काही नाही. पण ऊस यंदा ठेवणार आहे, तो खोडवा आहे, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला.