बारावी ६७, सीईटी ९४, आणि डोक्यात पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज. भरू का नको?

नगरची_पोर
नमस्कार सगळ्यांना. बारावीला ६७ टक्के पडलेत, सीईटी (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित ९४.१ पर्सेंटाइल. अहिल्यानगर जिल्हा, ओबीसी, मुलगी. यंदा, २०२५ला, २७ एप्रिलच्या ज्या शिफ्टला गणिताच्या इंग्लिश पेपरात पर्यायच चुकीचे आले होते त्यात मी होते, मग ५ मेला परत पेपर दिला, त्यामुळे आधीच डोकं फिरलंय. लहानपणापासून पुण्यात गेलं की बस शिवाजीनगरला आली की पप्पा म्हणायचे बघ ते सीओईपी, तिथं जायचंय तुला. आता क्लासचे सर म्हणतात प्रवेशाच्या फॉर्ममध्ये सीओईपी भरूच नको, वेळ वाया जाईल. मैत्रीण म्हणते भर, काय बिघडतंय. कुणाचं ऐकू? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

मेकॅनिकलवाला
खरं हवंय ना मग ऐक. नाही मिळणार. यंदा पीसीएमला चार लाखांच्या वर पोरं बसलीत, ९४ म्हणजे तुझ्यापुढे २५ हजारांच्या आसपास पोरं उभी आहेत. तिथलं कॉम्प्युटर ९९च्या बऱ्याच वर बंद होतं, मेटलर्जी आणि सिव्हिललासुद्धा ओपनला लोक ९७ च्या पुढे घेऊन येतात. स्वप्न बघायला पैसे लागत नाहीत पण कॅपच्या (सरकारी ऑनलाइन प्रवेश फेऱ्या) महिनाभरात डोकं एका जागी लागतं. आमच्या वर्गातला एक सीओईपीच्या नादात राउंड संपेपर्यंत बाकीची यादी नीट भरलीच नाही आणि शेवटी जिथं कुणी जात नाही तिथं गेला. सर बरोबर बोलतायत.

हिशेबी
सर चूक बोलतायत आणि तुम्हीपण. राग मानू नका पण हा गैरसमज दरवर्षी पोरांना नडतो. कॅपमध्ये सॉफ्टवेअर मेरिट नंबरनं चालतं. तुझा नंबर आला की तुझी यादी वरून खाली बघतं, पहिली जी जागा शिल्लक दिसेल ती देतं. वर सीओईपीचे पाच कोड (एकेका ब्रांचचे नंबर) टाकले म्हणून सहाव्या नंबरच्या कॉलेजचा चान्स एका टक्क्यानंही कमी होत नाही. ३०० पर्यंत ऑप्शन टाकता येतात, पाचाचं काय घेऊन बसलात.

मेकॅनिकलवाला
सॉफ्टवेअरचं मला कळतं हो. मी माणसाबद्दल बोलतोय. वर पाच टाकले की पोर खालच्या पन्नासांचा अभ्यास करत नाही, एवढंच.

हिशेबी
मग करायला सांगा की! न भरायला का सांगता? आणि उलट सांगतो, यंदा वर मोठी नावं टाकणं फायद्याचंच आहे. २०२५पासून चार राउंड केलेत. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला तर घ्यावाच लागतो, दुसऱ्याला पहिल्या तीनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला. नाही घेतला तर पुढच्या राउंडला तुम्ही बाहेर. म्हणजे घाबरून एक नंबरला घराजवळचं कॉलेज टाकलं आणि ते लागलं की खेळ तिथंच संपला, नंतर वरचं काही रिकामं झालं तरी बघत बसायचं. पहिल्या सहात फक्त तेच टाकायचं जे मिळालं तर पेढे वाटशील. हे क्लासवाल्यांनी सांगायला पाहिजे, ते सांगत नाहीत.

खडकवासला
+१. आणि तू कटऑफ कुठला बघितलास ते सांग आधी. कटऑफच्या पीडीएफमध्ये जी ओपन एस (जनरल, ओपन) बघून घाबरली असशील तर तो तुझा रकानाच नाही. तुझा एल ओबीसी एस. एल म्हणजे लेडीज, एस म्हणजे स्टेट लेव्हल. सीओईपीला होम युनिव्हर्सिटीची (आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या वेगळ्या जागा) भानगड नाही, नगरची काय आणि गडचिरोलीची काय, सगळे एकाच रांगेत. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला मात्र तू पुणे विद्यापीठाच्या हद्दीतली म्हणून एच म्हणजे होम मध्ये बसतेस आणि तिथं ७० टक्के जागा होमवाल्यांना. म्हणून दोन पीडीएफ वेगवेगळ्या डोळ्यांनी बघायच्या.

जुना_पुणेकर
कॅटेगरी आहे, त्यात मुलगी, मग टेन्शन कसलं घेता. आमच्या वेळी बारावीच्या मार्कांना किंमत होती.

खडकवासला
काका, ओबीसीचा कटऑफ ओपनच्या किती जवळ असतो ते एकदा उघडून बघा, मग बोलू. आणि बारावीची किंमत म्हणाल तर २०१४ला जेईई मेन आणि बारावी मिळून मेरिट लागायचं, २०१६ला परत एमएच सीईटी आली. आता बारावी फक्त पात्रतेला, ओपनला पीसीएममध्ये ४५ टक्के, रिझर्व्हला ४०. बाकी दोघांचा पर्सेंटाइल सारखा आला तर गणित, फिजिक्स असं करत करत शेवटी कधीतरी बारावी बघतात. ६७ वर रडायचं कारण नाही पोरी.

तिसऱ्या_बाकावरची
मी थोडं वेगळं बोलते, शिव्या द्या हवं तर. समजा मिळालंच. मेटलर्जी. तुला मेटलर्जी करायचंय का? मी अशीच एका मोठ्या नावाच्या कॉलेजला (सीओईपी नाही) नावासाठी गेले, ब्रांच काय आहे हे सबमिट केल्यावर गूगल केलं, खोटं नाही सांगत. पहिल्या सेमला गणितात आणि ग्राफिक्समध्ये बॅक. आजूबाजूला सगळी ९९ वाली, त्यांना सांगायची लाज, घरी सांगायची त्याहून लाज. चार वर्षात निघाले, नोकरीपण लागली, पण ती कोडिंगचीच, मेटलचा तुकडा हातात धरला नाही. तेच कॉम्प्युटर साध्या कॉलेजला केलं असतं तर दोन वर्ष कमी रडले असते.

हिशेबी
हा मुद्दा खरा आहे. पण हा ‘मिळेल का’चा नाही, ‘हवंय का’चा मुद्दा आहे, दोन्ही मिसळू नका.

तिसऱ्या_बाकावरची
मिसळलेलेच असतात हो, फॉर्म भरताना रात्री १२ला कुणी वेगळे करत बसत नाही.

बाप_माणूस
माझी मुलगी गेल्या वर्षी यातून गेली म्हणून दोन ओळी. पोरगी पुण्यात ठेवायची म्हणजे फी कमी पण होस्टेल आणि मेस जास्त असं होतं, आधी वहीत मांडा. जुलै २०२४चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खाजगी कॉलेजलासुद्धा, पण कॅपमधून आलं तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की माफी गेली. हे आम्हाला एका कॉलेजच्या काउंटरवर कुणी सांगितलं नाही, उलट ‘सीट आत्ता पक्की करा’ म्हणून घाई लावली, नशीब की मुलीनेच मोबाईलवर जीआर काढून दाखवला. तेव्हा चौथ्या राउंडच्या आधी कुणी कितीही घाबरवलं तरी मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरू नका.

मेकॅनिकलवाला
बरं मी माझं थोडं मागे घेतो, भर. पण सीओईपीचे कोड भरायला पाच मिनिटं घे आणि अवसरी, जळगाव, चंद्रपूर ही सरकारी, कराड, सांगलीचं वालचंद, मग पुण्यातली खाजगी, याला पाच दिवस घे. ९४ ला खरी लढाई तिथंच आहे. अवसरीला इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल होम मधून बघ. आणि ड्रॉपचा, म्हणजे वर्ष थांबून परत सीईटी द्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक.

खडकवासला
ड्रॉप का काढून टाक? सीईटीत २०० पैकी १०० मार्क गणिताचे, निगेटिव्ह नाही, गणितात १५ प्रश्न वाढले की ३० मार्क. असं पोर वर्षभरात ९८ ला जाऊ शकतं.

मेकॅनिकलवाला
जाऊ शकतं. मी गेलो नाही. ९१ चा ९२.६ झाला, वर्ष गेलं, बॅचमेट सेकंड इयरला आणि मी अ‍ॅडमिशनच्या रांगेत. आईने शेजारी सांगितलं होतं ‘कोर्स करतोय’. म्हणून बोलतोय.

खडकवासला
ओके. त्याच्यापुढे काही बोलत नाही.

नगरची_पोर
सगळं वाचलं, दोनदा. पीडीएफ परत काढली, गेल्या वर्षीचा मेटलर्जीचा एल ओबीसी एस माझ्या वरच आहे, लांब नाही पण वर. तरी एक नंबरला टाकते, पप्पांसाठी म्हणा. खरंतर मला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स हवंय हे तिसऱ्या बाकावरच्या ताईचं वाचून पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, म्हणून सीओईपीचे बाकीचे कोड काढले, सिव्हिल मॅन्युफॅक्चरिंग सगळं. दोन ते सहा पुण्यातली, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) आणि कॉम्प्युटर, मग अवसरी, खाली ४० एक.
एकच अडचण. जात पडताळणी झालीय पण नॉन क्रिमी लेयर जुनं आहे, ३१ मार्चला संपलं. नव्याचा अर्ज केलाय, पावती आहे. चालेल ना?

हिशेबी
अगं हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस! पावतीवर आत्ता फॉर्म जातो, पण दिलेल्या तारखेच्या आत मूळ सर्टिफिकेट अपलोड झालं नाही तर सरळ ओपनमध्ये ढकलतात, मग तुझा एल ओबीसी गेला, वरची सगळी चर्चा गेली.

बाप_माणूस
सेतूवाला ‘येईल मेसेज’ म्हणतो, त्याच्यावर राहू नका. पप्पांना सांगा उद्या सकाळी पावती घेऊन थेट तहसीलला जायचं, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते विचारायचं. दहाच्या आधी पोचा, अकरानंतर साहेब मीटिंगला असतात.

नगरची_पोर
पप्पा बाहेरगावी आहेत. मी आणि आई जातो. पावतीची झेरॉक्स किती लागतील?

बाप_माणूस
चार काढ. आणि जुनं सर्टिफिकेटपण ने.