शब्दचर्चा : नवोन्मेष की नवोपक्रम? आणि कापड खरंच ‘श्वास’ घेतं का?

अनुवादिका :
एका संशोधन-नियतकालिकातल्या ताज्या लेखांचे सारांश मराठीत करते आहे. निम्मे लेख उद्योगांमधल्या ‘इनोव्हेशन’वर, निम्मे ‘टेक्स्टाइल सायन्स’चे आणि काही मधलेच, म्हणजे नव्या प्रकारचं कापड प्रयोगशाळेतून बाजारात पोचताना कुठे अडकतं अशा विषयांवरचे. माझं घोडं पाच शब्दांपाशी अडलंय : इनोव्हेशन, टेक्स्टाइल, निटेड, ब्रीदेबल आणि मॉइश्चर रिगेन. पहिल्या शब्दासाठीच चार पर्याय जमलेत. नाविन्य, नवोन्मेष, नवोपक्रम, नवप्रवर्तन. कोशात चौघांनाही एकाच ओळीत बसवलंय. कुठला कुठे वापरायचा?

ऱ्हस्वदीर्घ :
आधी ‘नाविन्य’ नीट करा. नवीनपासून नावीन्य, जसं प्रवीणपासून प्रावीण्य. ‘वी’ दीर्घच. आणि ‘नाविन्यता’ दिसलं तर सरळ खोडा. ‘सौंदर्यता’, ‘धैर्यता’ म्हणतो का आपण? एकदा भाववाचक नाम झाल्यावर त्याला पुन्हा शेपूट कशाला? अर्थात शुद्ध लिहूनही तुमचं काम होणार नाही. नावीन्य हा गुण झाला. तुम्हाला कृतीचं नाव हवंय.

जुना वाचक :
‘नवोन्मेष’ दिसायला देखणा, म्हणून सगळ्यांना भुरळ पडते. निमेष म्हणजे पापणी मिटणं, उन्मेष म्हणजे उघडणं. ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ ही प्रतिभेची व्याख्या भट्टतौताच्या नावावर सांगितली जाते. ती आहे काव्यशास्त्रातली, आणि तिथे शब्द चपखल बसतो, कारण कवीला नवं दिसणं हेच तिथे महत्त्वाचं. अर्थशास्त्रातल्या इनोव्हेशनचं मात्र नुसतं दिसण्यावर भागत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटरने १९११च्या ग्रंथात इनोव्हेशनचे पाच प्रकार सांगितले : नवी वस्तू, उत्पादनाची नवी रीत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. शोध लागणं आणि तो व्यवहारात उतरवणं या दोन गोष्टी त्याने मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. इनोव्हेशन मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘ऑस्लो मॅन्युअल’ ही पुस्तिकाही हीच अट घालते. तिच्या २०१८च्या आवृत्तीनुसार वस्तू संभाव्य वापरणाऱ्यांना उपलब्ध झालेली हवी, आणि पद्धत असेल तर ती त्या संस्थेने वापरात आणलेली हवी. म्हणजे एखाद्या संशोधकाने अप्रतिम तंतू बनवला आणि तो खणातच राहिला, तर उन्मेष झाला, इनोव्हेशन नाही. तुमचे ते मधले लेख नेमके या फटीबद्दल आहेत. तिथे ‘नवोन्मेष’ लिहिलंत, तर लेखाचा मुद्दाच भाषांतरात गळून पडेल.

माझं मत नवोपक्रमाला. उपक्रमात आरंभ आहे आणि हाती घेऊन करणंही आहे.

अनुवादिका :
पण ‘उपक्रम’ म्हटलं की मला शाळेतला वृक्षारोपणाचा तास आठवतो. शिवाय ‘सार्वजनिक उपक्रम’ म्हणजे तर चक्क कंपनी.

जुना वाचक :
हरकत रास्त आहे. काटेकोर अर्थाने ‘नवप्रवर्तन’ जास्त बरोबर, कारण प्रवर्तन म्हणजे चालू करणं, चलन देणं. पण मराठी वाचकाला तो शब्द परका वाटतो, हिंदी पाठ्यपुस्तकातून उचलून आणल्यासारखा. मी असं करीन : पहिल्यांदा येईल तिथे ‘नवोपक्रम, म्हणजे नवी गोष्ट प्रत्यक्ष वापरात आणणं’ असं लिहीन आणि पुढे नुसतं नवोपक्रम. ‘शोध’ला मात्र इनव्हेन्शनसाठी राखून ठेवा. आधीच तो बिचारा हरवलेली किल्ली शोधण्यापासून अमेरिकेच्या शोधापर्यंत सगळी कामं करतो.

‘डिसरप्टिव्ह’ आलं असेल तर आणखी एक सावधगिरी. बरेच जण त्याला ‘विध्वंसक’ म्हणतात. विध्वंस हा शुम्पीटरचा १९४२मधला शब्द आहे. नवं येतं आणि जुने उद्योग मोडतात, तो ‘सर्जनशील विध्वंस’. आगियाँ आणि हॉविट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२मध्ये त्याचंच गणिती प्रारूप मांडलं, आणि २०२५च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी दोघांना मिळाला. बोवर आणि ख्रिस्तेन्सेन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांचं १९९५चं डिसरप्शन वेगळं. तिथे बड्या कंपन्या ज्या गिऱ्हाइकांना किरकोळ समजतात, त्यांच्याकडून साधी, स्वस्त वस्तू शिरते आणि हळूहळू वर चढते. दोन्हीकडे ‘विध्वंसक’ लिहिलं की हा फरक पुसला जातो. मी ‘घडी विस्कटणारा नवोपक्रम’ म्हणेन. विषय कापडाचाच आहे, तेव्हा शोभेलही.

उभाआडवा :
कापडाचा विषय निघाला म्हणून घुसतोय. ‘टेक्स्टाइल सायन्स’ला सगळे ‘वस्त्रविज्ञान’ म्हणतात, पण ‘वस्त्र’ हे ‘वस्’ म्हणजे नेसणं-पांघरणं यावरून आलंय. रस्त्याच्या भरावाखाली अंथरलेलं कापड कोण नेसतं? १९५०च्या दशकापासून शल्यविशारद पॉलिएस्टरच्या विणलेल्या कृत्रिम रक्तवाहिन्या बसवताहेत, ते वस्त्र कसं? इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘विणणे’ या क्रियापदातून आला, अंगावर घालण्याशी त्याचा संबंध नाही. लेख तंतूंच्या रचनेबद्दल असेल तर ‘तंतुविज्ञान’, एरवी ‘वस्त्रतंत्रज्ञान’ चालेल. गंमत म्हणजे संस्कृतात ‘तंत्र’चा एक जुना अर्थच माग किंवा ताणा असा आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, त्यातूनच तो आला. तेव्हा तंत्रज्ञान म्हणणारा प्रत्येक जण नकळत मागाचं नाव घेतो.

आता ‘निटेड’. इथे मराठीची खरी पंचाईत आहे. मागावर आपण विणतो आणि स्वेटरही विणतो. मागावर उभा ताणा असतो, त्यातून आडवा बाणा जातो. सुयांवर मात्र एकच धागा फासात फास अडकवत जातो. ताणल्यावर ते फास लांबट होतात आणि सोडल्यावर परत गोल, म्हणून बनियन ताणलं जातं आणि मागाची चादर तशी ताणली जात नाही. संशोधनलेखात नुसतं ‘विणलेलं कापड’ लिहिलं तर प्रयोग कशावर केला हेच कळणार नाही. एकाला ‘मागाचं कापड’ म्हणा, दुसऱ्याला ‘फासविणीचं’. फासविणीचं मी आत्ताच बनवलं, नाही आवडलं तर ‘निटेड’ ठेवा. धंद्यात होजिअरी म्हणतात, पण आता निटेड कापडाचे बूटही निघतात, त्यामुळे तो शब्द अपुरा पडतो.

तंतू, सूत, दोरा यांचीही सरमिसळ करू नका. तंतू एकटा असतो. त्यांना पीळ देऊन सूत होतं, आणि शिवायला घेतो तो दोरा. ‘धागा’ ढिला शब्द आहे, इथल्या चर्चेलासुद्धा चालतो.

प्रयोगशाळेतला :
ब्रीदेबलबद्दल मला बोलायचंच होतं. कापड श्वास घेत नाही हो! जाहिरातीत ठीक आहे, पण संशोधनात या एका शब्दाखाली दोन स्वतंत्र मोजमापं लपतात. एक, कापडातून हवा किती आरपार जाते. दुसरं, पाण्याची वाफ किती जाते. ती चोवीस तासांत दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम, अशी मोजतात. दोन्ही एकत्र वाढतातच असं नाही. पावसाळी जॅकेटमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. १९६९मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा दांडा झटक्यात ताणून त्याची सुरुवात केली. असा पडदा वारा जवळजवळ अडवतो आणि वाफ मात्र जाऊ देतो. तेव्हा ‘वायुपारगम्य’ आणि ‘बाष्पपारगम्य’, किंवा साध्या मराठीत ‘हवा जाऊ देणारं’ आणि ‘वाफ जाऊ देणारं’. मूळ लेखात नेमकं काय मोजलंय ते पाहिल्याशिवाय शब्द ठरवू नका.

‘जलरोधक’चंही तसंच. पाणी आत न शिरणं वेगळं, आणि थेंब वरच्यावर गोळा होऊन घरंगळणं वेगळं. दुसऱ्यासाठी लेपन लागतं. त्यातली फ्लोरीनयुक्त रसायनं निसर्गात टिकून राहतात म्हणून त्यांना पर्याय शोधण्यावर हल्ली खूप काम चाललंय. त्यांपैकी पीएफओए हे २०१९मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदी-यादीत गेलं. मेण किंवा सिलिकोन पाणी घरंगळवतं, पण तेलाला थोपवत नाही, कारण तेलाचा पृष्ठताण, म्हणजे थेंब गोळा करून धरणारी पृष्ठभागाची ओढ, पाण्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून ‘जलरोधक’ लिहिण्याऐवजी ‘पाणी झटकणारं’ म्हटलं, तर तेलाबद्दल आपण काही वचन दिलं नाही हेही आपोआप कळतं.

आणि मॉइश्चर रिगेन. ‘ओलाव्याचं प्रमाण’ लिहिलंत तर चूक होईल. रिगेन पूर्ण कोरड्या वजनावर काढतात. कापसासाठी व्यवहारात ८.५ टक्के धरतात, म्हणजे १०० किलो कोरड्या कापसात ८.५ किलो पाणी. तेच एकूण १०८.५ किलोंवर मोजलं तर ७.८ टक्के होतात. पाणी तेवढंच, आकडा बदलला. माल वजनावर विकला जातो, तेव्हा हा फरक पैशांत उतरतो. मी ‘कोरड्या वजनावरचा ओलावा’ असं लिहितो. लांब आहे, पण भांडण होत नाही.

अनुवादिका :
पॉलिएस्टरचा हा आकडा एका लेखात ०.४ टक्के दिलाय, आणि पुढे तेच कापड ‘घाम शोषतं’ असं मी लिहून बसलेय. मग शोषतं कसं?

प्रयोगशाळेतला :
शोषत नाही, ओढतं. तंतूच्या पोटात पाणी जवळजवळ जातच नाही. तंतूंमधल्या बारीक फटींतून ते सरकत कापडभर पसरतं आणि वाळतं. समईची वात तेल ओढते तसं. ‘घाम ओढून नेणारं’ करा. कापूस मात्र खरोखर पितो, म्हणून ओला होऊन बसतो.

ऱ्हस्वदीर्घ :
‘वातगुण’ म्हणता आलं असतं, पण लोक वैद्याकडे जातील.

अनुवादिका :
‘ओढून नेणारं’ नक्की, ‘पाणी झटकणारं’ही घेतलं. पहिल्या लेखाचं शीर्षक आता असं झालंय : ‘बाष्पपारगम्य कापडातील नवोपक्रम : प्रयोगशाळेपासून वापरापर्यंत’. फासविणीला संपादक काय म्हणतात ते पाहते. एक शब्द राहिलाच, ‘नॉनवोव्हन’. ‘न विणलेलं’ करू का?

उभाआडवा :
करा, तुमच्या सुदैवाने इथे मराठीचा ढिसाळपणा कामी येतो. ते कापड मागावरही विणलेलं नसतं आणि सुयांवरही नसतं. तंतू नुसते पसरून उष्णतेने, चिकटवून किंवा टोचून एकत्र धरलेले असतात. लोकरीचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, त्याचाच जुना भाऊबंद, पण मास्कच्या कापडाला नमदा म्हणू नका म्हणजे झालं.