बाबांचा जुना लॅपटॉप फॉरमॅट करायचाय, पण श्रीलिपीच्या फाइल्सचं काय करू?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

बाबांचा लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबून चहा टाकावा, तो गाळून होतो तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर डिस्क कायम १०० टक्के.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. जुगाड करून बसतं म्हणतात, पण ७६ वर्षांच्या माणसाच्या मशिनवर मला जुगाड नकोय. म्हणून सगळं पुसून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकायचा विचार आहे. मागे एका दुकानात दिला होता, तर त्यांनी डी ड्राइव्हसकट साफ केला आणि दादाच्या लग्नाचे फोटो गेले. त्यामुळे यंदा घरीच करणार.

आता खरी गोची. बाबा सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीचे अनेक वर्षं सेक्रेटरी होते. २००३ पासूनची सगळी इतिवृत्तं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये. परवा एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर 'सभा' शब्दाच्या जागी डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली रोमन अक्षरं! बाबांना दाखवलं, तर म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपला मराठी येत नाही." फॉन्ट कॉपी करून मिंटमध्ये टाकले तर भागेल का? की आधी सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशिनवर दिसणाऱ्या मराठीत) करून घेऊ?

प्रतिसाद: ताई, पुसताय कशाला? २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणा, तापकीर गल्लीत मिळेल. जुनी डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि कपाटात ठेवा, तोच बॅकअप. तुमचं दुखणं त्या डिस्कचंच आहे, एसएसडीवर हेच मशीन पळेल. जमल्यास रॅम ८ करा.

पण डिस्क काढायच्या आधी आहे त्याच विंडोजवर इतिवृत्तांच्या पीडीएफ करून घ्या. फॉन्ट आतच बसतो, मग कुठेही वाचा. फॉन्टच्या टीटीएफ फाइल्सही उचलून ठेवा, मिंटमध्ये त्या चालतात. मात्र फॉन्ट टाकला तरी आतला मजकूर रोमन कोडचाच राहतो, 'पाणीपट्टी' शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्यासाठी युनिकोड कन्व्हर्टरच लागेल, आणि त्यातून बाहेर आल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथेच घोळ होतो.

मिंट आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. वायफाय आणि प्रिंटर लागला, तरच इन्स्टॉल दाबा.

धागाकर्ती: डिस्क कपाटात ठेवायची, हे डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी पीडीएफ करायला बसते. एक राहिलंच. बाबांचा हात रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर बसलाय आणि इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकायची त्यांची अजिबात तयारी नाही. मिंटमध्ये मराठी रेमिंग्टन कीबोर्ड कोणी वापरतंय का?