गप्प बसलेलं गाव : तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटली?

लहानसं गाव, सगळ्यांना ठाऊक असलेली पण कुणीच न बोलणारी गोष्ट आणि बाहेरून आलेला एखादा आगंतुक. या साच्यातल्या गूढकथा मी साचा पाठ होऊनही वाचते. पण घाबरवतं कोण, भूत की गावकरी? कथानक सांगत बसू नका, अंगावर काटा कुठे आला ते लिहा. रहस्यभेद असेल तर आधी इशारा द्या.

---

रहस्यभेद आहे! माझं मत गावकऱ्यांना. शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’त अमानवी काहीच नाही, तरी ती इथे हवीच. सुरुवातीला पोरं खिशात दगड भरतात, ते मी खेळ समजून पुढे गेलो. शेवटी लहानग्या डेव्हीच्या हातात कुणीतरी चार खडे देतं. कुणाला मारायला? त्याच्याच आईला. पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानावर गेलो. १९४८ साली कथा छापून आली तेव्हा, असे विधी कुठे चालतात, अशी विचारणा करणारी पत्रंही आली होती म्हणे!

---

लवक्राफ्टची ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ (१९३६). त्यातले मासळीतोंडे लोक मला जरा हास्यास्पदच वाटतात. पण हॉटेलातली ती रात्र! दाराची कडी कुणीतरी नुकतीच काढून नेलीय. निवेदक कपाटाची कडी उचकटतो आणि किल्ल्यांच्या जुडग्यातल्या स्क्रू-ड्रायव्हरने दाराला बसवतो. काही घडलेलं नसतं, नुसते स्क्रू पिळणं चाललेलं असतं. मग बाहेरून कुणीतरी हळूच दार चाचपतं. मी तिथेच उठून आमच्या दाराची कडी बघून आले, हसू नका.

---

नारायण धारपांची ‘लुचाई’ आधी वाचली होती, ती जिच्यावर बेतलीय ती स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ (१९७५) नंतर. म्हणजे काय होणार ते माहीत होतं, तरी पुस्तक सुटेना. कारण रक्तपिपासू पिशाच्च नीट समोर येण्याआधी किंग गावाची घरं उघडून दाखवतो. एक तरुण आई रडणाऱ्या तान्ह्याला मारहाण करते, कुठे चोरटं प्रेमप्रकरण चाललंय. जो तो आपापलं झाकण्यात गुंतलेला. मग शेजारचं माणूस दिवसा दिसेनासं झालं तर चौकशी करणार कोण? तिथे मला पिशाच्चापेक्षा गावाचाच धसका बसला.

---

सगळे गावकऱ्यांवर फिदा दिसताय, म्हणून थोडं विरोधात. बऱ्याच कथांत हे गप्प बसणं म्हणजे लेखकाची पळवाट असते. म्हातारा म्हणतो, ‘अंधार पडायच्या आत निघून जा.’ अरे बाबा, का ते सांग ना! गप्प बसायला कारण हवं: जुनं पाप, काहीतरी फायदा किंवा बोललेल्याचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं असणं. ते नसेल तर मी पुस्तक ठेवून देतो.

अर्थात सगळं सांगून टाकलं तरी पंचाईतच. ‘ट्विन पीक्स’ (१९९०) घ्या. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या पर्वाच्या मध्यातच खुनी उघड केला आणि मालिकेतली हवाच गेली. पुढचे भाग मी केवळ निष्ठेने पाहिले.

---

वरच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. मी स्वतः अशी एक कथा लिहितेय आणि माझं घोडं अडलंय ते मोबाइलवर. रेंज घालवायची, नाहीतर वादळात पूल पाडायचा. दोन्हीचा कंटाळा आलाय. सध्या असं केलंय की रेंज पूर्ण आहे, मदतीचा फोनही लागतो. पण उचलणारा गावातलाच.

---

झकास! पूल मुळीच पाडू नका. फक्त तो उचलणारा गप्प का, ते आधी स्वतःशी पक्कं करा, नाहीतर आमचे वरचे गृहस्थ पुस्तक ठेवून देतील.