अनुभव धागा : वाडीचा रस्ता, वाडीची एसटी

पुणे जिल्ह्यातल्या लहान गावांना सडक आणि एसटी मिळवताना गाडं नेमकं कुठे अडतं? हे काम ज्यांच्या हाताखालून गेलंय त्यांनी लिहावं. कुठला कागद, कुणाकडे द्यायचा, काय चुकतं, एवढंच.

भोरकडून

आधी लोकसंख्या बघा. जनगणनेचा आकडा महसुली गावाचा असतो. मूळ गाव, वाड्या, धनगरवस्ती सगळं त्यात एकत्र. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना मात्र वस्ती मोजते. ती 2000 साली सुरू झाली; पहिल्या टप्प्यात 2001 ची जनगणना धरली होती, चौथ्या टप्प्यात 2011 ची धरली आहे. सपाटीवर वस्तीला 500 माणसं लागतात. अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून अधिसूचित) क्षेत्रात 250 पुरतात. भोर-वेल्ह्याचे लोक इथेच फसतात. ‘डोंगरी’ची सवलत डोंगरी राज्यांना आहे, सह्याद्रीतल्या गावांना नाही. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या वाडीलाही 500 चाच निकष लागतो, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो.

यावर एक वाट आहे. 500 मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. वरची आळी आणि खालची आळी वेगवेगळी दाखवली तर दोन्ही बाद होतात; एकत्र दाखवली तर बसतात. गावाचा आकडा वाड्यांत वाटताना ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीची नोंदवही) आणि अंगणवाडीची सर्वेक्षण नोंदवही शेजारी ठेवा. कुलूपबंद घरं नमुना 8 मध्ये दिसतात, पण त्यातली माणसं मुंबईत मोजली गेलेली असतात.

जुन्नरच्या पश्चिम भागातून

आमच्याकडे आणि आंबेगावच्या काही गावांत अनुसूचित क्षेत्र असल्याने 250 लागू होतं. पण तालुक्यातली सगळी गावं त्यात नाहीत. अधिसूचनेच्या यादीत आपलं गाव आहे का, हे अर्ज करण्याआधीच तपासा.

रस्त्याच्या कागदांबद्दल

रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक आहे का, ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात विचारा. क्रमांक नसेल तर निधीची मागणी पहिल्याच टेबलावर थांबते.

दुसरी अडचण जागेची. ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला पैसे मिळत नाहीत, जमीन गावानेच द्यायची. सातबारावर आजोबांचं नाव, वारसनोंद झालेली नाही, सहहिस्सेदार चार गावी पांगलेले: काम मंजूर होऊनही दोनशे फुटांसाठी रखडतं. वारसनोंदी आधी लावून घ्या, मग संमतिपत्रं.

एसटीच्या फेरीबद्दल

ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. अर्जात नुसतं ‘गैरसोय होते’ लिहू नका. शाळा-कॉलेजला जाणारी मुलं किती, शाळा किती वाजता भरते-सुटते, बाजाराचा वार कोणता, हे लिहा. मग मार्गाची पाहणी होते. गाडी साधारण 11 मीटर लांब. एका दमात वळायची तर 25 मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. जागा नसेल तर फाट्यावरूनच परत फिरते. आंब्याच्या खाली आलेल्या फांद्या आणि लोंबलेल्या वीजतारा पाहणीच्या आधी काढून घ्या.

मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना खोली, पाणी, संडास द्यावाच लागतो. त्यांची झोप झाली नाही तर पहाटेची फेरी कशी सुटणार?

फेरी सुरू झाली की टिकवायची भारमानावर, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात त्यावर. सकाळी सगळे जीपने गेले की एसटी रिकामी धावते आणि बंद होते. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. मोफत असलं तरी तिकीट मागून घ्या. त्या तिकिटावरच प्रवासी मोजला जातो.

वेल्ह्याहून

पावसात डांबर उखडतं ते पाणी तुंबल्याने. जूनच्या आधी गटारं आणि मोऱ्यांतला गाळ काढा, साइडपट्टी मुरुमाने रस्त्याच्या पातळीला आणा. मोरीचं नळकांडं अरुंद असेल तर पालापाचोळ्याने बुजतं आणि पाणी सडकेवरून वाहतं. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षं दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते. काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावर असते. मुदत संपण्याआधी फोटो काढून ‘मेरी सडक’ अॅपवर तक्रार टाका.