जीमेलवर रोज पन्नास फालतू मेल, काय करावं?

प्रश्न (राजारामपुरी): लॉटरी, कर्ज, सेल... डिलीट करून दमलो. वीजबिलाचा मेलही त्या ढिगात सापडत नाही. कॉम्प्युटरातलं फार कळत नाही, सोपं सांगा.

उत्तर : काका, नुसतं डिलीट केल्यानं जीमेलला काही कळत नाही. मेलच्या डावीकडच्या चौकोनात टिक करा. वर उद्गारचिन्हाचं बटण येईल, ते दाबा. मेल स्पॅममध्ये, म्हणजे फालतू मेलच्या कप्प्यात जातो आणि ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. वीजबिल तिकडं गेलं असेल तर उघडून 'नॉट स्पॅम' दाबा.

उत्तर : मेलमधली 'अनसबस्क्राइब', म्हणजे 'पुढं मेल पाठवू नका' ही लिंक फक्त ओळखीच्या दुकानांसाठी. लॉटरीवाल्याच्या लिंकवर क्लिक केलं की पत्ता चालू आहे हे त्याला समजतं, मग मेल आणखी वाढतात. मेलमधल्या चित्रांतूनही हेच कळू शकतं. सेटिंग्जमध्ये 'इमेजेस'समोर 'आस्क बिफोर...' निवडा. तळाशी 'सेव्ह चेंजेस' दाबायला बहुतेक जण विसरतात, आणि सगळं जैसे थे!

उत्तर : महाद्वार रोडच्या कापडदुकानात बिलासाठी मेल मागितला तर पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह (+) आणि 'कापड' जोडून द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. मेल तुम्हालाच येतो, पण पत्ता कुठून फुटला ते लगेच कळतं.